सल्ल्यापासून सभेपर्यंत : मद्यमुक्तीच्या आधारगटाच्या शोधाचे एक प्रकरण

व्यसनमुक्तीच्या कामात ‘एखाद्या आधारगटाला जात जा’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारले जाते की बोलणाऱ्याला आपण काही केल्याचे समाधान मिळते आणि ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काहीच पडत नाही. प्रस्तुत प्रकरणातील महिलेला हा सल्ला प्रथम त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, मग थोरल्या बहिणीने आणि शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने दिला होता. तरीही पहिला सल्ला आणि पहिली पूर्ण ऐकलेली सभा यांच्यामध्ये जवळपास दीड वर्ष गेले. ‘तिला मुळात सोडायचीच नव्हती’ असा या विलंबाचा अर्थ घरातल्यांनी लावला. प्रकरणाच्या नोंदी आणि त्यांच्याशी झालेले बोलणे नीट तपासल्यावर मला तो अर्थ पटला नाही. सोडण्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेपोटी त्यांनी तीनदा प्रयत्नही केला होता. ते तीन प्रयत्न कशामुळे फुकट गेले आणि पुढे त्यांना बसायला खुर्ची कशी मिळाली, हे येथे समुपदेशकाच्या बाजूने मांडले आहे. ओळख पटू नये म्हणून व्यवसाय, वय आणि घरची परिस्थिती यांचे तपशील बदललेले आहेत.

पार्श्वभूमी

चाळिशी ओलांडलेल्या या बाई शाळेत शिकवतात आणि घटस्फोटानंतर थोरल्या बहिणीच्या घरी राहतात. सुरुवातीला त्यांचे पिणे समारंभापुरते होते. घटस्फोटाच्या काळात झोप यावी म्हणून रात्रीचा एक पेग सुरू झाला आणि काही वर्षांत संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंतचा तो नित्यक्रम होऊन बसला. शाळेत आपण एकही दिवस पिऊन गेलो नाही, ही गोष्ट त्या स्वतःच्या बाजूचा भक्कम पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा सांगत असत. बहिणीला संशय होता, पण कपड्यांच्या कपाटात थंडीच्या पांघरुणांच्या घड्यांमध्ये रिकाम्या बाटल्या सापडेपर्यंत त्याविषयी घरात कोणी उघड बोलले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीत ० ते ४० गुण असतात. ८ किंवा त्याहून अधिक गुण धोक्याची सूचना मानले जातात आणि २० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास अवलंबित्वाची शक्यता गृहीत धरून सविस्तर तपासणी करावी लागते. त्यांचे गुण २४ आले. मला मात्र आकड्यापेक्षा एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. सकाळी फळ्यावर लिहिताना हात थरथरतो म्हणून त्या पहिल्या तासाला मुलांना वाचन करायला लावत आणि लिहिण्याचे काम दुपारनंतर ठेवत. हाताची ही थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय जडल्याचे चिन्ह होते, आणि त्यामुळे सभेच्या शोधाआधी दुसरेच एक काम करणे भाग होते.

आधी डॉक्टर

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका झटक्यात पिणे बंद केले तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो. आणि काही जणांना ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम, तीव्र गोंधळ आणि ताप अशी ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. आधारगटातील माणसे कितीही अनुभवी असली तरी हे सांभाळणे त्यांचे काम नाही, आणि चांगले गट ते अंगावर घेतही नाहीत. बाईंचा स्वतःचा बेत मात्र वेगळा होता. सोमवारी कायमचे बंद करायचे आणि त्याच संध्याकाळी सभा गाठायची, असे त्यांनी ठरवले होते. तो बेत बाजूला ठेवून त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. देखरेखीखाली, क्रमाने कमी करत नेलेल्या बेंझोडायझेपिन गटातील (शांत करणाऱ्या) गोळ्या आणि थायमिन हे जीवनसत्त्व यांच्या आधाराने विड्रॉवलचा, म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या शारीरिक त्रासाचा, काळ पार पडला. पुढे यकृताच्या तपासण्या पाहून नाल्ट्रेक्सोन सुरू करण्यात आले. या गोळीने पिण्याची ओढ कमी व्हायला मदत होते, तिची नशा येत नाही आणि तिची सवयही लागत नाही. पुढे याच गोळीवरून एक प्रसंग घडला, तो योग्य जागी येईल.

तीन जुने प्रयत्न

मदत मागायला येण्यापूर्वी त्यांनी काय काय करून पाहिले, हे सविस्तर विचारणे मला आवश्यक वाटले, कारण ‘मी गटाला जाऊन बघितलं, माझ्यासाठी नाही ते’ हे वाक्य त्यांनी पहिल्याच भेटीत उच्चारले होते. प्रत्यक्षात त्या एकाही सभेत दहा मिनिटांहून अधिक बसल्या नव्हत्या.

पहिल्या खेपेस त्यांनी रात्री फोनवर शोध घेऊन एका यादीतून पत्ता आणि वेळ उतरवून घेतली. ठरलेल्या संध्याकाळी त्या तिथे पोहोचल्या तेव्हा खोलीला कुलूप होते आणि इमारतीच्या रखवालदाराला अशी काही सभा भरते हेच ठाऊक नव्हते. त्याने मोठ्या आवाजात ‘कसली मीटिंग?’ असे विचारले. उत्तर देण्याऐवजी त्या तडक परत फिरल्या आणि त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त प्यायल्या. आधारगट स्वयंसेवकांच्या बळावर आणि मागून घेतलेल्या किंवा भाड्याच्या जागेत चालतात. जागा सुटते, वार बदलतो, गट बंद पडतो, आणि यादी मात्र तशीच राहते. हे ठाऊक असलेला माणूस दुसरा पत्ता शोधतो. ठाऊक नसलेला माणूस त्या कुलपातून स्वतःविषयीचा निष्कर्ष काढतो.

दुसऱ्या खेपेस त्यांनी मदतवाहिनीचा क्रमांक फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, आणि एका परक्या पुरुषाला ‘मी पिते’ हे सांगण्याची कल्पनाच सहन न होऊन त्यांनी फोन ठेवला. बाईशी बोलायचे आहे असे सांगता येते, आणि बहुतेक ठिकाणी तशी सोय केलीही जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

तिसऱ्या खेपेस बहीण बरोबर होती आणि सभा खरोखरच चालू होती. दाराशी असलेल्या सदस्याने नम्रपणे विचारले की दोघींनाही पिण्याचा त्रास आहे का. बहिणीने नाही म्हटल्यावर, ही बंद सभा आहे, त्यामुळे त्यांना बाहेर थांबावे लागेल, असे त्याने सांगितले. बाई आत गेल्या, मागच्या खुर्चीत बसल्या, सगळे पुरुष पाहून दहा मिनिटांत उठल्या आणि घरी गेल्या. दारावरच्या सदस्याचे काही चुकले नव्हते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एए’, यांच्या पद्धतीत बंद सभा ही ज्यांना स्वतःचे पिणे थांबवायचे आहे त्यांच्यासाठीच असते. खुल्या सभेला मात्र नातेवाईक, विद्यार्थी, समुपदेशक अशा कोणालाही बसता येते. सभांच्या यादीत ही माहिती बहुधा एका अक्षराने किंवा छोट्या चिन्हाने दिलेली असते आणि नवख्या माणसाचे तिकडे लक्षही जात नाही.

तिन्ही प्रयत्न अशा रीतीने माहितीच्या अभावी फसले होते. मनोबल कमी पडण्याचा प्रश्न खुर्चीत बसल्यानंतर सुरू होतो, आणि तिथवर त्या पोहोचल्याच नव्हत्या. एखादी गोष्ट तीनदा करून फसली की माणूस चौथ्यांदा ती करत नाही. म्हणून आपण अजून एकदाही सभेला गेलेलो नाही, हे त्यांना पटवणे हे माझे पहिले काम ठरले. सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग ‘म्हणजे ते धरायचं नाही का?’ असे त्यांनी शाळेतल्या हजेरीविषयी विचारावे तसे विचारले.

फोन खोलीतूनच लावणे

१९८१ साली प्रसिद्ध झालेला एक अगदी लहान अभ्यास या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. त्यात मद्याची समस्या असलेल्या २० जणांचे दोन गट केले होते. एका गटाला सभेची माहिती, ठिकाण आणि वेळ देऊन जाण्यास सांगितले. दुसऱ्या गटाच्या बाबतीत समुपदेशकाने त्या व्यक्तीच्या उपस्थितीतच एका सदस्याला फोन लावला, सदस्याने बरोबर नेण्याची तयारी दाखवली आणि सभेआधी आठवणही करून दिली. दुसऱ्या गटातील सर्वजण सभेला गेले; पहिल्या गटातील एकही गेला नाही. वीस माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण कागदावर लिहिलेला पत्ता आणि दाराशी वाट पाहणारा माणूस यांत किती अंतर असते, याची कल्पना त्यावरून येते.

एएच्या स्वतःच्या उगमातही असा एक फोन आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे शेअरबाजारातील गृहस्थ व्यवसायासाठी अॅक्रन या गावी गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते आणि हाती घेतलेले काम फसले होते. हॉटेलच्या दर्शनी दालनात एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन, अशा अवस्थेत त्यांनी तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन करायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्याच एखाद्या दारुड्याशी मला बोलायचे आहे, असे सांगत ते डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांपर्यंत पोहोचले. डॉ. बॉब यांनी शेवटचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. बाईंना हा इतिहास मी सांगितला तो प्रेरणा मिळावी म्हणून नव्हे, तर अनोळखी माणसाला फोन करून ‘मला मदत हवी आहे’ म्हणणे हा तिथे उपद्रव समजला जात नाही, हे कळावे म्हणून.

मदतवाहिनीला फोन मीच लावला आणि महिला सदस्याशी बोलायचे आहे असे सांगितले. त्याच दिवशी एका ज्येष्ठ सदस्येचा उलट फोन आला, तेव्हा बाई समोरच बसल्या होत्या. काय विचारायचे ते आम्ही आधी ठरवून ठेवले होते आणि एक सोडून सगळे प्रश्न त्यांनी स्वतः विचारले. ही सभा अजून भरते का आणि मागच्या आठवड्यात भरली होती का. ती खुली आहे की बंद. साधारण किती स्त्रिया येतात. किती वेळ चालते आणि मधून उठून गेले तर चालते का. बोलावेच लागते का. नाव नोंदवावे लागते का. शेवटचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज खाली गेला. ‘ताई, नाव सांगितलंत तर पहिलंच सांगा, तेही खरंच असलं पाहिजे असं नाही,’ असे पलीकडून उत्तर आले. त्यानंतर त्या सदस्येने जे सांगितले ते मी शब्दशः टिपून ठेवले आहे : ‘दहा मिनिटं आधी या. मी बाहेरच उभी असेन. माझ्या हातात निळी फाइल असेल. आत आपण दोघी बरोबरच जाऊ.’

वेळेची निवड हा यातला एक उपेक्षित भाग आहे. बाईंना रविवारची सकाळ सोयीची वाटत होती, कारण तेव्हा घरात कामे कमी असतात. मी संध्याकाळच्या सभेचा आग्रह धरला. त्यांचे पिणे संध्याकाळी सुरू होत असे, आणि जी वेळ सर्वांत कठीण तीच सभेसाठी राखली की निदान त्या दिवसापुरता तो तास सुटतो. सोयीची वेळ शोधणारे लोक बहुधा अशी वेळ शोधतात की ज्या वेळी त्यांना सभेची फारशी गरजच नसते.

पहिली सभा

सभा खुली होती, त्यामुळे बहिणीलाही आत बसता आले. सभेचे वर्णन मी बाईंच्या तोंडून ऐकले तसे देतो. खुर्च्या गोलात मांडलेल्या होत्या. सूत्रसंचालन करणाऱ्या सदस्याने प्रास्ताविक वाचले, मग दुसऱ्या कोणी बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून सुटण्यासाठी एएने आखलेला टप्प्याटप्प्याचा मार्ग, वाचल्या. प्रत्येकजण पहिले नाव सांगून तीन-चार मिनिटे स्वतःविषयी बोलत होता आणि त्याच्या बोलण्यावर कोणीही सल्ला देत नव्हते, प्रश्न विचारत नव्हते की मान हलवून नापसंती दाखवत नव्हते. शिक्षिका असल्यामुळे की काय, हे त्यांना विचित्र वाटले. कोणी चुकीचे बोलले तर दुरुस्त कोण करणार, असे त्यांच्या मनात आले.

एका वयस्कर गृहस्थांनी बाटली लपवण्याच्या आपल्या जागा एकामागून एक सांगितल्या आणि सगळी खोली खदखदून हसली. बाईंना त्या हसण्याचा राग आला. जे आपल्याला रात्र रात्र जागवते त्यावर ही माणसे हसतात, हे त्यांना निर्लज्जपणाचे वाटले आणि उठून जावेसे वाटले. निळ्या फाइलवाल्या सदस्येने त्यांच्याकडे न बघताच हळू आवाजात ‘पहिल्यांदा मलाही राग आला होता’ एवढेच म्हटले. पुढेही हे हसणे त्यांना बराच काळ खटकत राहिले आणि त्यांनी ते गटात बोलूनही दाखवले.

पाळी आली तेव्हा ‘आज फक्त ऐकते’ असे त्या म्हणाल्या आणि पाळी पुढे गेली. पैशांचा डबा फिरला तेव्हा नव्याने आलेल्यांनी काही टाकायची गरज नाही असे सांगण्यात आले. एएचे गट कसे चालावेत हे सांगणाऱ्या बारा परंपरांपैकी सातवी परंपरा अशी की गटाने आपला खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतूनच भागवावा आणि बाहेरची देणगी घेऊ नये. सदस्यत्वाला फी नाही, आणि तिसऱ्या परंपरेनुसार पिणे थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. या परंपरा १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. त्यांतली चौथी परंपरा शोध घेणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी, कारण तिच्यानुसार प्रत्येक गट स्वायत्त असतो. एकाच नावाखालचे दोन गट त्यामुळे स्वभावाने अगदी वेगळे असू शकतात : कुठे प्रार्थनेवर भर असतो, कुठे पायऱ्यांच्या अभ्यासावर, कुठे नुसत्या अनुभवकथनावर. एका सभेवरून सगळ्या सभांचा अंदाज बांधता येत नाही. चार-पाच वेगळ्या सभा ऐकल्याशिवाय मत बनवायचे नाही, असे आम्ही लेखी ठरवले होते.

सभा संपल्यावरची पंधरा मिनिटे मला सभेइतकीच महत्त्वाची वाटतात. त्या वेळात दोन स्त्रियांनी एका पत्रकाच्या मागे आपले पहिले नाव आणि फोन क्रमांक लिहून दिले. नवा माणूस बहुधा याच वेळी घाईने निघून जातो. बाईही निघाल्या होत्या, बहिणीने चपला सापडत नसल्याचे निमित्त करून त्यांना थांबवले.

इतर गट आणि पडद्यावरची सभा

‘आपल्याला समजलेला ईश्वर’ ही बारा पायऱ्यांमधील कल्पना बाईंच्या पचनी पडेना. त्या नास्तिक आहेत असे नाही, पण आपले पिणे ही श्रद्धेच्या कक्षेतली बाब आहे हे त्यांना मान्य नव्हते. अशा वेळी ‘थोडं थांबा, पटेल’ असे म्हणत राहण्यापेक्षा पर्याय समोर ठेवणे मला प्रामाणिक वाटते. १९९४ मध्ये सुरू झालेली स्मार्ट रिकव्हरी ही संघटना वर्तनोपचाराच्या तंत्रांवर चालते. तिथे प्रशिक्षित संचालक असतो, सदस्य एकमेकांशी थेट चर्चा करतात, आणि स्वतःला ‘व्यसनी’ म्हणवून घेण्याची अपेक्षा नसते. जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेली विमेन फॉर सोब्रायटी ही संघटना फक्त स्त्रियांसाठी आहे आणि मद्यपी स्त्रीला आपला अहंकार मोडण्यापेक्षा स्वतःची किंमत परत मिळवण्याची गरज अधिक असते, ही तिची भूमिका आहे. बाईंना ही भूमिका ऐकताक्षणी जवळची वाटली. अडचण अशी की या दोन्हींच्या सभा एएइतक्या ठिकठिकाणी भरत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन सभेचा मार्ग घ्यावा लागला.

ऑनलाइन सभेच्या तयारीत एक बारीक गोष्ट वेळीच लक्षात आली. त्यांच्या संगणकावरचे खाते शाळेच्या कामासाठी उघडलेले होते, आणि सभेत शिरताच पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचे पूर्ण नाव आणि पुढे शाळेचे नाव झळकले असते. चाचणी म्हणून आम्ही दोघांनीच एक बैठक लावून पाहिली तेव्हा ते दिसले. त्यांनी वेगळे खाते उघडले, फक्त पहिले नाव ठेवले, मागची भिंत रिकामी केली आणि घरात आवाज जाऊ नये म्हणून इअरफोन घेतले. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती बहुतेक गटांत नसते. ऑनलाइन सभेचा मोठा फायदा असा की दिवसाच्या कोणत्याही वेळी जगात कुठे ना कुठे सभा चालू असते, आणि रात्री झोप न येणाऱ्या माणसाला याचे मोल कळते. तोटाही तितकाच उघड आहे : एक बटण दाबले की सभेतून नाहीसे होता येते आणि कोणी मागे येत नाही.

गुप्ततेविषयी त्यांना स्पष्ट कल्पना देणे आवश्यक होते. गटात जे ऐकले ते गटातच ठेवायचे, हा संकेत बहुसंख्य सदस्य निष्ठेने पाळतात. पण डॉक्टर किंवा समुपदेशक यांच्यावर जसे व्यावसायिक बंधन असते तसे सहसदस्यावर नसते. घटस्फोटाच्या प्रकरणातील बाबी, शाळेतील व्यक्तींची नावे, कायदेशीर परिणाम होऊ शकतील असे काहीही गटात बोलू नये, ते माझ्याकडे किंवा वकिलाकडे बोलावे, असे ठरले. त्याच ओघात आणखी एक गोष्ट सांगितली. नव्याने आलेल्या, मनाने हळव्या झालेल्या व्यक्तीशी जवळीक साधू पाहणारे लोक कुठल्याही गटात असू शकतात. जुने सदस्य या प्रकाराला ‘तेरावी पायरी’ म्हणून हिणवतात. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्या समजावून देणारी आणि फोनवर उपलब्ध असणारी अनुभवी व्यक्ती, स्त्रीसाठी स्त्रीच असावी हा रूढ संकेत याच कारणाने पाळावा.

गोळीचा वाद आणि एक स्लिप

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास एका गटातील जुन्या सदस्याने सभेनंतर त्यांना सांगितले की गोळी घेऊन न पिणे म्हणजे खरे सोबर (मद्यमुक्त) असणे नव्हे. बाईंनी दुसऱ्याच दिवशी नाल्ट्रेक्सोन बंद केले आणि कोणालाही कळवले नाही. साधारण दोन आठवड्यांनी, शाळेतील निरीक्षणाच्या दिवशी झालेल्या अपमानानंतर, त्या प्यायल्या. याचा संबंध नुसत्या गोळीशी लावणे बरोबर होणार नाही, पण गोळीचा काहीच वाटा नव्हता असेही म्हणता येणार नाही. सदस्यांनी डॉक्टर होऊ नये, औषधाचा निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात व्हावा, अशी एएच्या साहित्याचीच भूमिका आहे. तरीही व्यक्तिगत मत असे संघटनेच्या मताचा वेष घेऊन येते आणि नव्या माणसाला त्यातला फरक ओळखता येत नाही. मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी करून गोळी पुन्हा सुरू केली. त्या गटाला जाणे बाईंनी थांबवले, आधारगटांना जाणे मात्र थांबवले नाही, आणि या फरकाला मी या प्रकरणात सर्वाधिक महत्त्व देतो.

या स्लिपच्या, म्हणजे सोडल्यानंतर पुन्हा पिण्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याआधी निळ्या फाइलवाल्या सदस्येला फोन केला होता. ‘आज संध्याकाळी कुठली मीटिंग करणार?’ एवढेच तिने विचारले, असे त्यांनी मला सांगितले. मी कदाचित कारणे विचारत बसलो असतो.

गटाचा उपयोग होतो का, हा प्रश्न बहिणीने मला अनेकदा विचारला, आणि त्याला आकड्यांत उत्तर देता येते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत, २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी यांचा आढावा घेतला आहे. एएशी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांत बारा महिन्यांनंतर पूर्णपणे मद्यमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत सुमारे ३५ टक्के आढळले. बहिणीला ४२ हा आकडा फार कमी वाटला. निम्म्याहून अधिक लोक वर्षभरात कधी ना कधी पुन्हा पितात, हे तिने प्रथमच ऐकले होते, आणि त्यानंतर स्लिपविषयीचे तिचे बोलणे बरेच मऊ झाले. या आकड्यांमागचे उपचार ‘जोडून देण्याचे’ होते, नुसत्या सल्ल्याचे नव्हते, हेही मी तिला दाखवून दिले.

बहिणीसाठी वेगळी खुर्ची

बहिणीने या काळात बाटल्या शोधणे, तोंडाचा वास घेणे, पगाराचा हिशेब तपासणे ही कामे स्वतःकडे घेतली होती. ती खुल्या सभांना बाईंबरोबर येत राहिली असती तर बाईंना मोकळेपणाने बोलता आले नसते, आणि एकदा तसे झालेही : बहीण शेजारी असल्यामुळे त्यांनी कपाटातल्या बाटल्यांचा विषय गाळला. १९५१ पासून कार्यरत असलेले ॲल-अनॉन हे मद्यपींच्या नातेवाइकांचे स्वतंत्र गट आहेत. तिथे पिणाऱ्याला कसे सुधारायचे याची चर्चा होत नाही, नातेवाइकाने स्वतःचे आयुष्य कसे सावरायचे याची होते. बहिणीला हे आधी स्वार्थीपणाचे वाटले. ‘आजारी ती आहे, मी का जाऊ?’ असे तिने विचारले. शेवटी ती गेली, ती बाईंनीच तिच्यासमोर फोन लावून दिला म्हणून.

सद्यःस्थिती

स्लिपनंतर सात महिने बाई प्यायलेल्या नाहीत. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या स्त्रियांची संख्या बऱ्यापैकी असलेल्या एएच्या एका सभेला जातात आणि एक दिवस स्त्रियांच्या ऑनलाइन गटात बसतात. दोन वेगळ्या विचारसरणींच्या गटांना एकाच वेळी जाणे दोन्हीकडच्या काही सदस्यांना रुचत नाही. त्यांना स्वतःला त्यात विसंगती वाटत नाही आणि मीही ती दाखवून देत नाही. ईश्वराच्या कल्पनेपाशी त्या अजून अडलेल्या आहेत, त्यामुळे पायऱ्यांचे काम दुसऱ्या पायरीवर थांबले आहे. स्पॉन्सर ठरलेली नाही. निळ्या फाइलवाल्या सदस्येकडे आधीच चार जणी आहेत. नाल्ट्रेक्सोन किती काळ चालू ठेवायचे याचा निर्णय पुढच्या तपासणीत होईल. त्यांची नेहमीची सभा जिथे भरते ती जागा पुढील महिन्यात सोडावी लागणार असल्याचे गटाने कळवले आहे. नवा पत्ता पक्का होईपर्यंतच्या आठवड्यांसाठी दोन पर्यायी सभा बाईंनी स्वतः फोन करून, त्या खरोखर भरतात याची खात्री करून, निवडून ठेवल्या आहेत.